प्रत्येक गाठीची वेगळी कुळकथा

चेंबूरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया करून काढलेल्या फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या, गाठी फॉर्मॅलिनच्या डबीत घालून पॅथॉलॉजी लॅबकडे पाठवल्या जातात. कापल्यावर त्या आतून पांढरट, चिवट आणि सुताच्या गुंडीसारख्या पीळदार दिसतात. एकाच गर्भाशयातली एक गाठ जेमतेम 1 सेंमी असते, तर शेजारची 8 सेंमी. रक्त तेच, संप्रेरके तीच, मग वाढीत एवढी तफावत का? या कोड्याची उकल प्रथिनांच्या खुणांनी केली.

1965 मध्ये लिंडर आणि गार्टलर या अमेरिकी संशोधकांनी जी-6-पीडी हे एन्झाइम तपासले. काही स्त्रियांमध्ये त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार असतात. मात्र एका पेशीत त्यांपैकी एकच तयार होतो. गर्भाशयाच्या निरोगी स्नायूत दोन्ही प्रकार सापडले. प्रत्येक गाठीत मात्र एकच! म्हणजे प्रत्येक फायब्रॉइड एकाच पेशीपासून वाढतो, आणि शेजारशेजारच्या गाठींचा उगमही स्वतंत्र असतो.

2008 मध्ये अमेरिकेत 72 स्त्रियांच्या 262 गाठी एमआरआयने मोजल्या गेल्या. सहा महिन्यांच्या हिशेबात एखादी 89 टक्क्यांनी आक्रसली होती, तर एखादी 138 टक्क्यांनी वाढली होती. 2011 मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांना 225 पैकी सुमारे 70 टक्के गाठींत एमईडी-12 या जनुकात बिघाड आढळला. इतर काही गाठींत एचएमजीए-2 हे प्रथिन बेसुमार बनते. अशा गाठी बहुधा मोठ्या होतात.

वाढ डोळ्यांनी पाहायची तर केआय-67 हे प्रथिन उपयोगी पडते. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि त्यांवर प्रतिपिंड सोडतात. विभाजनाच्या तयारीतल्या पेशींची केंद्रके तपकिरी होतात. साध्या फायब्रॉइडमध्ये अशी केंद्रके थोडीच दिसतात, कारण गाठीचा बराचसा भाग कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन या पेशींबाहेरच्या प्रथिनांचा असतो. टीजीएफ-बीटा-3 हे प्रथिन पेशींकडून हा भराव करून घेते. पेशींच्या विभाजनाला प्रोजेस्टेरॉन जोर देते. म्हणूनच पाळी कायमची थांबून ते घटल्यावर गाठी सहसा लहान होतात. त्यानंतरही वाढणारी गाठ मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

निदान आजही मुख्यतः सोनोग्राफीनेच होते. या खुणा काढलेल्या गाठीत तपासतात. त्यांतली एफएच या प्रथिनाची खूण फार मोलाची आहे. क्वचित एखाद्या गाठीत हे प्रथिन नसतेच. त्यामागचा बिघाड आनुवंशिक असेल, तर त्या घराण्यात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट कपाटात जपून ठेवावा आणि गाठी कमी वयात झाल्या असतील, तर एफएचविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. उत्तर बहिणीच्या आणि मुलांच्याही कामी येऊ शकते.