एस्प्लनेड मॅन्शन

एस्प्लनेड मॅन्शन ही मुंबईच्या फोर्ट विभागात, काळा घोडा परिसरात असलेली वारसा इमारत आहे. मूळची ही वॉटसन्स हॉटेलची वास्तू होय. भारतात टिकून असलेली ओतीव लोखंडी सांगाड्याची ही सर्वांत जुनी बहुमजली इमारत मानली जाते.

रचना

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. सांगाड्याचे सुटे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईस आणले गेले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडले गेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला.

रूपांतर

हॉटेल बंद पडल्यानंतर दालनांत आडभिंती घालून लहान गाळे पाडण्यात आले व ते घरे आणि कार्यालये म्हणून भाड्याने दिले गेले. न्यायालये जवळ असल्याने अनेक गाळ्यांत वकिलांची कार्यालये आली. भार सांगाड्यावर असल्याने अशी विभागणी सोपी जाते; मात्र सज्जे, जिने व छप्पर सामाईकच राहतात. भाडेनियंत्रणाखालील अल्प भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि मालकी नसल्याने भाडेकरूही मोठा खर्च करण्यास राजी नसतो. या पेचात देखभाल मागे पडली.

दुरवस्था

२००५ मध्ये सज्जाचा काही भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या धोक्यातील १०० वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की जतन करावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले.