बोटीतली पेट्रोलची टाकी कुठे ठेवावी?

वऱ्हाडाला समुद्र नाही, पण पूर्णा-मोर्णा फुगल्या की रबरी बोटी पाण्यात उतरवाव्याच लागतात. पावसाळ्याआधी धरणावर बचाव पथकांची रंगीत तालीम होते, तेव्हा सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे असते. नळीने जोडलेली २४ लिटरची सुटी टाकी मात्र सापडेल त्या जागी सरकवली जाते. त्यामागे काही पक्के समज आहेत.

“अकोल्याच्या उन्हात टाकी फुटते, म्हणून ती अर्धीच भरावी.”

मे २०२४ मध्ये ज्या अकोल्यात उष्णतेपायी जमावबंदीचा आदेश निघाला, तिथे ही भीती साहजिक आहे. दुपारी फुगलेली टाकी तर डोळ्यांना दिसतेच. पण ठिणगीशिवाय पेट्रोल पेटायला सुमारे २५० अंशांच्या पुढचे तापमान लागते. टाकी फुगते ती आत कोंडलेल्या वाफेने. पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे २ टक्के वाढते, म्हणजे २४ लिटरमागे जेमतेम अर्धा लिटर. दहावा हिस्सा रिकामा सोडला की काम भागते. अर्ध्या टाकीने एकच होते: भर पुरात इंधन संपते.

“ऊन लागू नये म्हणून टाकी बंद पेटीत किंवा फळीखाली ठेवावी.”

सर्वांत घातक समज हाच, आणि तो सावधगिरीतूनच आलेला आहे. सावली हवी, हे खरे, कोंडवाडा नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले की ठिणगी पुरते. शंभर लिटरच्या बंद पेटीत तेवढी वाफ व्हायला चहाचे दीड-दोन चमचे पेट्रोल पुरे. नळीचा जोड किंचित पाझरला तरी तेवढे सांडते, आणि शेजारी बॅटरी असतेच. समुद्रावरच्या लहान शिडाच्या बोटींत टाकीसाठी वेगळा कप्पा करतात. त्याच्या तळाचे भोक बोटीबाहेर उघडते, ते याचसाठी. रबरी बोटीत टाकी उघड्यावर, पट्ट्याने बांधून, वर ओले गोणपाट टाकून ठेवावी.

“मागे इंजिन आणि चालक, म्हणून तोल साधायला टाकी पुढच्या टोकाला हवी.”

हिशेब बरोबर वाटतो, पण २४ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १८ किलो. एक माणूस पुढे सरकला तर त्याच्या तिप्पट-चौपट फरक पडतो. उलट लांबलेली नळी माणसांच्या पायांखाली येते. ती दबली की इंजिन गचके खात बंद पडते, तेही धारेत. टाकी मागच्या भागात, इंजिनाजवळच बरी.

“डिझेल पेटत नाही, ते कुठेही चालते.”

थंडीत डिझेलवर काडी विझते, म्हणून हा समज टिकला. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू लागते तो, किमान ३५ अंश असावा, एवढीच मानकाची अट आहे. अकोल्याचा मे महिना त्याच्या बराच वर असतो.

आणि टाकी कुठेही बांधा, भरताना ती बोटीत नको. इंजिन बंद करून, टाकी उतरवून जमिनीवर ठेवूनच पेट्रोल ओतावे. झाकणावरचा हवेचा स्क्रू इंजिन चालू असताना उघडा आणि टाकी ठेवून देताना बंद, हेही पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.