उपग्रहचित्रातील पांढरा रंग आणि पाऊस

काशीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली असून पावसाळ्यात गंगा चढू लागली की तेथे हवामानाच्या बातम्यांना विशेष महत्त्व येते. मात्र उपग्रहचित्रात जेथे पांढरे दिसते तेथे पाऊस पडतच असतो, हा सर्वत्र आढळणारा समज बरोबर नाही.

17 फेब्रुवारी 2024 रोजी सोडलेला इन्सॅट-3डीएस हा भूस्थिर उपग्रह (पृथ्वीच्या गतीने फिरत असल्यामुळे एकाच जागी भासणारा) सुमारे 36,000 किलोमीटरवरून अवरक्त किरण (पदार्थांतून उष्णतेमुळे निघणारे अदृश्य किरण) मोजतो. त्यांवरून ढगाच्या माथ्याचे तापमान कळते आणि माथा जितका थंड, तितका तो चित्रात पांढरा दाखवला जातो. झाकणाला हात लावून पातेल्यात काय शिजत आहे हे ताडावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच उंचावरील विरळ हिमकणांचे ढग पांढरे दिसूनही कोरडे राहू शकतात, तर जानेवारीत गंगेवर उतरणारे दाट धुके जवळपास जमिनीइतक्याच तापमानाचे असल्याने रात्रीच्या अवरक्त चित्रात सहसा उठून दिसत नाही आणि ते ओळखण्यासाठी दोन तरंगलांबींच्या मोजमापांतील फरक काढावा लागतो.

अंदाजासाठी ही मोजमापे इतर नोंदींसह संगणकीय प्रारूपात (वातावरणाची गणिते सोडवणाऱ्या प्रणालीत) घातली जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले, मे 2025 मध्ये कार्यान्वित झालेले असे प्रारूप सुमारे 6 किलोमीटरच्या जाळीवर चालते. घाटावरील पुरासाठी मात्र काशीवरच्या ढगांपेक्षा गंगा-यमुनेच्या वरच्या खोऱ्यांतील पाऊस आणि नदीच्या पातळीच्या नोंदी पाहणे अधिक उपयुक्त ठरते.