ठासणीच्या तोफा आणि नळीचा गुळगुळीतपणा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याचा बहुतेक भाग मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकला. वेसाव्याचा किल्ला १७३९ मध्ये हाती आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेऊन हे बेट बळकावले. या मोहिमांतील तोफा ठासणीच्या, म्हणजे तोंडातून भरावयाच्या, व पेच नसलेल्या नळीच्या होत्या. अशा तोफेची नळी जितकी चकचकीत तितका गोळ्याचा वेग अधिक, अशी समजूत आढळते. ती हिशेबाला टिकत नाही.

इंग्रज पायदळाच्या त्या काळच्या बंदुकीचा नळीव्यास सुमारे ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच असे. म्हणजे नळीच्या छेदाचा सुमारे १५ टक्के भाग वायूला निसटण्यास मोकळा राही. तोफांत गोळ्याच्या व्यासाच्या एक-विसांश फट ठेवण्याचा जुना नियम होता. तेथेही हा भाग ९ टक्क्यांवर जातो. पृष्ठावरील बारीक ओरखडे हजारांश इंचांत मोजावयाचे असल्याने या गळतीपुढे त्यांची मातब्बरी ती काय? शिवाय सैल गोळा नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडतो, व शेवटचा आघात जसा होईल तशी दिशा व गिरकी त्याला मिळते. बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ च्या आपल्या ग्रंथात गोळ्याच्या वेगमापनाची पद्धत मांडली व पुढे या गिरकीच्या परिणामाचीही चिकित्सा केली.

मग गुळगुळीतपणा हवा कशासाठी? मुख्यतः गोलंदाजाच्या जिवासाठी. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक वजनाचे घन अवशेष उरतात. ओतकामातील पोकळ्यांत किंवा गंजाच्या खड्ड्यांत हे किटण साचते, व त्यात पिशवीचा एखादा जळता तुकडा धुमसत राहिला तर पुढचा बार ठासतानाच पेट घेतो. त्या क्षणी गज धरणारा तोफेच्या तोंडासमोर उभा असतो. ओल्या कुंच्याने नळी पुसण्याचा दंडक यासाठीच होता. खड्ड्याच्या तळाशी मात्र कुंचा पोहोचत नाही. हे किटण हवेतील ओलही शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात न पुसलेली लोखंडी नळी किती दिवस निर्दोष राहणार? तोफ स्वीकारण्यापूर्वी युरोपात लवचीक काट्यांची काठी आत फिरवून असे खड्डे शोधीत.

गाभा ठेवून ओतलेल्या तोफेत गाभा किंचित सरकला तरी पोकळी वाकडी येई. मारिट्झ घराण्याने अठराव्या शतकात भरीव ओतून मग पोखरण्याची रीत रूढ केली. १७७० मध्ये फेरब्रुगन पितापुत्रांनी ती वुलिच येथे नेली. (अशाच पोखरणीत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून रम्फर्डने १७९८ मध्ये उष्णतेच्या द्रव्यकल्पनेला हादरा दिला.) सरळपणा व सम व्यास ही पोखरणीची देणगी, घासकामाने ती मिळत नाही. उलट कुरुंदाची पूड लावून एकाच जागी अधिक घासल्यास नळी तेथे फुगीर होते व फट वाढते. जुन्या तोफेच्या अभ्यासकाने तर आत घासूच नये, कारण पोखरणीच्या हत्याराच्या खुणा हाच पुष्कळदा तिच्या घडणीचा एकमेव पुरावा असतो. आत जुना बार शिल्लक नाही याची खात्री मात्र त्याने तज्ज्ञाकडून आधी करून घ्यावी.