इंग्रजांच्या ताटाची बदनामी

"मसाल्यांसाठी अर्धं जग पालथं घातलं आणि खायला बसले उकडलेला बटाटा." इंग्रजांविषयीचा हा टोमणा मला व्हॉट्सॲपवर महिन्यातून एकदा तरी येतो. वीसेक वर्षांपूर्वी लीड्सला शिकायला गेलो तेव्हा माझंही मत याहून वेगळं नव्हतं. बॅगेत आईने दिलेला गोडा मसाला आणि मेतकूट होतं. दोन वर्षं एका वृद्ध बाईंच्या घरी खोली घेऊन राहिलो, त्यांच्या टेबलावर जेवलो आणि मग या विषयाचा नादच लागला. हे जेवण मुळात बेचव नव्हतं. ते एका विशिष्ट काळात, विशिष्ट कारणांनी बिघडलं, आणि नाव मात्र कायमचं खराब झालं.

आधी तो टोमणाच तपासू. इंग्रजांना मसाले वापरता येत नव्हते, ही समजूत चुकीची आहे. १३९० च्या सुमारास दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी 'द फॉर्म ऑफ क्युरी' नावाचा पाककृतींचा संग्रह केला. (यातल्या 'क्युरी'चा आपल्या करीशी संबंध नाही, त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ स्वयंपाक.) त्यात सुंठ, दालचिनी, लवंग, मिरी, केशर यांची रेलचेल आहे. मसाले मागे पडले ते सतराव्या शतकात. समुद्रमार्गाने माल येऊ लागला तसे ते स्वस्त झाले आणि त्यांची श्रीमंती मिरवण्याची ऐट संपली. त्याच सुमारास फ्रान्सच्या स्वयंपाकघरांतून नवी रीत आली, की मांसाची नि भाजीची मूळ चव पुढे यायला हवी. तरीही मसाले पूर्ण गेले नाहीत. कोळंबीच्या बटरमध्ये जायपत्री असते, ख्रिसमसच्या पुडिंगमध्ये लवंग-दालचिनी असते. आपण पुरणात जायफळ किसतो तसं ते खिरीसारख्या राइस पुडिंगवर किसतात. मोहरी आणि हॉर्सरॅडिशचा झणका तर थेट नाकात जातो. टोमण्याचा पहिला भागही अर्धाच खरा आहे. ईस्ट इंडिया कंपनी १६०० मध्ये मसाल्यांसाठीच निघाली, पण डचांनी तिला मसाल्यांच्या बेटांवरून हुसकावलं आणि पुढे तिचा मोठा धंदा कापडाचा नि चहाचा झाला.

मग बिघडलं कधी? पहिला घाव औद्योगिक क्रांतीचा. १८५१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोक शहरात राहताना आढळले. शेत सुटलं, परसातली भाजी सुटली. गिरणीत राबणाऱ्या बाईकडे ना वेळ, ना सरपण, ना चुलीची जागा. पाव, चहा आणि साखर यांवर दिवस निघू लागले आणि आईकडून मुलीकडे जाणारी विद्या मध्येच तुटली. मध्यमवर्गाच्या घरी परिस्थिती बरी होती, पण तिथेही भाज्यांचे हालच. १८६१ मध्ये पुस्तकरूपात आलेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध ग्रंथात मोठी गाजरं शिजवायला दोन तासांच्या आसपास वेळ सांगितला आहे. भाजीच्या लगद्याचा आरोप त्यामुळे मला खोटा म्हणवत नाही.

दुसरा घाव याहून खोल होता, आणि त्याविषयीच सगळ्यात कमी बोललं जातं. ब्रिटनमधलं रेशनिंग महायुद्धाबरोबर संपलं असं बहुतेकांना वाटतं. ते ८ जानेवारी १९४० ला बेकन, बटर आणि साखरेपासून सुरू झालं आणि मांसावरचं शेवटचं बंधन उठलं ४ जुलै १९५४ ला. साडेचौदा वर्षं! युद्ध चालू असताना जो पाव मोकळा मिळत होता, तो युद्ध जिंकल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात रेशनवर आला. माणशी आठवड्याला साधारण सत्तावन्न ग्रॅम बटर, तेवढंच चीज आणि एक अंडं. मालाच्या आवकेप्रमाणे आकडे मागेपुढे होत. अंड्याऐवजी डब्यातली अंड्याची भुकटी. १९४० च्या अखेरीपासून युद्ध संपेपर्यंत केळी दिसेनाशीच झाली. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी: या काटेकोर वाटपामुळे गरिबांच्या पोटात पूर्वीपेक्षा सकस अन्न गेलं. सरकारने माणसं जगवली. चवीचा विचार करायला तेव्हा कुणाला सवड नव्हती.

आमच्या बाई १९३३ च्या. रेशन सुरू झालं तेव्हा सहा-सात वर्षांच्या, संपलं तेव्हा एकविशीच्या. स्वयंपाक शिकण्याचं सगळं वय त्यात गेलेलं. चुलीशेजारी त्यांचा एक चिनीमातीचा वाडगा असे. भाजलेल्या मांसातून गळलेली चरबी त्यात गाळून ठेवत. तिला तिकडे ड्रिपिंग म्हणतात. "फेकायचं काही नाही, लव्ह," असं म्हणत. यॉर्कशायरमध्ये सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. एका पिढीने पदार्थ शिकले ते असे, बटरशिवाय, अंड्याशिवाय, आणि पुढे सुबत्ता आल्यावरही हात आखडताच राहिला. याच काळात लाखो अमेरिकन सैनिक तिथे जेवून गेले. आपल्याकडचे विद्यार्थी पन्नास-साठच्या दशकांत गेले तेही याच सावटात. बहात्तरच्या दुष्काळात मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन कुणी महाराष्ट्राच्या जेवणावर शिक्का मारला असता, तर आपल्याला चाललं असतं का?

सगळ्यात जास्त हानी चीजची झाली. युद्धात दूध जवळजवळ एकाच ठरावीक सरकारी छापाच्या चेडरकडे वळवलं गेलं. पहिल्या महायुद्धाआधी शेतावर चीज करणारी हजारो घरं होती. दुसरं संपलं तेव्हा जेमतेम शंभरेक उरली होती. पॅट्रिक रान्ससारख्या दुकानदाराने उरलेल्यांचा गावोगाव शोध घेऊन १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. लंडनमध्ये १९७९ ला सुरू झालेल्या नील्स यार्ड डेअरीने त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं. 'इंग्रजांकडे चीज म्हणजे फक्त चेडर' असं म्हणणाऱ्याने एकदा वेन्स्लीडेलचा तुकडा फ्रूटकेकच्या फोडीवर ठेवून खावा. आंबूस, ठिसूळ चीज आणि काळ्या मनुकांचा गोडवा. यॉर्कशायरची ही जोडी मला आजही स्वप्नात येते.

करीची कथाही उलटी सांगितली जाते, जणू स्थलांतरितांनी परवा येऊन इंग्रजांना जेवायला शिकवलं. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पुस्तकात भारतीय पद्धतीच्या करीची कृती आहे. पाटण्याच्या साके दीन महोमेद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी खाणावळ काढली. ती लवकरच बुडाली. आज ज्यांना 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतात त्यांतली बहुसंख्य सिल्हेटच्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली. राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवणाऱ्या फिश अँड चिप्समधला तळलेला मासा इबेरियातून आलेल्या ज्यूंचा. सगळ्यांच्याच स्वयंपाकघरांत असं होतं. आपला बटाटा, मिरची आणि पाव तरी कुठून आले? आता लंडनच्या हाउन्स्लोत वडापावचं दुकान आहे आणि तिथे रांगा लागतात.

सावरणं १९५० पासून सुरू झालं. त्या वर्षी एलिझाबेथ डेव्हिड यांचं भूमध्यसागरी जेवणावरचं पुस्तक आलं, तेव्हा ऑलिव्ह ऑइल औषधाच्या दुकानात मिळत होतं, कानात घालायला. पुढे जेन ग्रिगसन यांनी १९७४ मध्ये इंग्लंडचेच विसरलेले पदार्थ गोळा केले. माझ्या मते त्यांचं काम अधिक मोलाचं, कारण त्यांनी लोकांना परत स्वतःच्या ताटाकडे पाहायला लावलं. १९९४ मध्ये फर्गस हेंडरसन यांनी लंडनमधल्या स्मिथफील्डच्या मांसबाजाराशेजारी सेंट जॉन हे रेस्टॉरंट उघडलं आणि नळीतला मगज, शेपूट, वजडी पुन्हा मानाने वाढली. वजडी-पाया आवडीने खाणाऱ्याला तिथे परकं वाटणार नाही.

सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटिश माणसाच्या आहारातली निम्म्याहून अधिक ऊर्जा आज कारखान्यातल्या अतिप्रक्रिया केलेल्या अन्नातून येते. टीका करायचीच तर इथे करावी. ती खरी आहे आणि तिथले लोकही ती करतात.

रविवारी बाई यॉर्कशायर पुडिंग करत. मैदा, अंडी आणि दूध यांचं सरसरीत पीठ तासभर ठेवलेलं. वाडग्यातली चरबी साच्यांत घालून ओव्हनमध्ये धूर निघेपर्यंत तापवायची, पीठ ओतताना चर्र आवाज यायलाच हवा, आणि मग वीस मिनिटं दार उघडायचं नाही. पुरीसारखी टम्म फुगून वर येत. पूर्वी मांसाआधी हीच रस्सा घालून वाढत, म्हणजे पोट भरे आणि महागडं मांस थोडं लागे. पुण्यात ड्रिपिंग कुठून आणणार? मी साजूक तूप वापरतो. धुरावेपर्यंत तापवलं की छान फुगतात.