दिवसाचे दारूकाम

दारूकाम म्हटले की काळोख्या रात्री आकाशात उमलणारी रंगीबेरंगी फुले डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया या नगरात भर दुपारी, लख्ख उन्हात दारूकाम होते आणि हजारो लोक ते ऐकण्यासाठी जमतात! त्यास तेथे 'मास्क्लेता' म्हणतात.

व्हॅलेन्सियात दरवर्षी मार्च महिन्यात 'फायास' नावाचा उत्सव भरतो. १९ मार्च या संत जोसेफ यांच्या सणाच्या रात्री त्याची सांगता होते. १ मार्चपासून त्या दिवसापर्यंत रोज दुपारी दोन वाजता नगरभवनापुढील चौकात मास्क्लेता होते. उत्सवाची मानकरी म्हणून निवडलेली तरुणी सज्जातून आज्ञा देते आणि कारागीर वात पेटवितो.

चौकाच्या मध्यभागी कुंपणाच्या आत, ताणलेल्या दोरांवर कागदी वेष्टनांचे फटाके ओळीने टांगलेले असतात. ते वातींनी एकमेकांस जोडलेले असतात. कोणता बार कोणत्या क्षणी उडावा, हे कारागिराने आधीच योजलेले असते. प्रारंभी बार तुरळक असतात. मग विलंबित लय हळूहळू द्रुत होत जाते. पाच ते आठ मिनिटांच्या या खेळात पुष्कळदा शंभर किलोग्रॅमहून अधिक दारू जळते. शेवटी असंख्य बार एकदम उडतात. या भागाचे नावच मुळी 'भूकंप' असे आहे. लय मध्येच तुटली, तर जाणत्या श्रोत्यांच्या ते तत्काळ ध्यानी येते.

हा आवाज कानांप्रमाणेच छातीतही जाणवतो. असे का व्हावे? दारू पेटताच क्षणार्धात तिचा तप्त वायू होतो. तो भोवतालच्या हवेस जोराने ढकलतो. त्या दाबाची लाट कानाच्या पडद्यावर आणि शरीरावर आदळते. जवळ उभे राहणाऱ्यास हा ध्वनी सुमारे १२० डेसिबलपर्यंत भासू शकतो. एवढ्या आवाजाने श्रवणशक्तीस कायमची इजा होण्याचा संभव असतो. तोंड किंचित उघडे ठेवावे, अशी तेथील जुनी शिकवण आहे; तथापि दूर उभे राहणे, हाच खरा उपाय होय. अंतर वाढले की ध्वनीचा जोर ओसरतो. लहान मुलांनी तर हे पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे.

२०१६ साली युनेस्कोने फायास उत्सवास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे तो मध्येच थांबवावा लागला आणि दोन वाजता चौक निःशब्द राहू लागला. २०२१ च्या सप्टेंबरात बार पुन्हा दुमदुमले.

शेवटचा बार विरतो, निळसर धूर वर चढतो, क्षणभर शांतता पसरते आणि मग टाळ्यांचा कडकडाट होतो. दारूचा आवाज कोणीही काढू शकेल. त्यास ताल आणि मर्यादा देणे, हे मात्र कारागिराचे कौशल्य होय.