स्वस्त पीसी, पण एसएमपीएस स्वस्त नको

बदलापूरहून निघून, दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायला जाणाऱ्याच्या यादीत ग्राफिक्स कार्ड सर्वात वर असतं. ते योग्यच; गेमचं चित्र तेच रंगवतं. कात्री मात्र बहुतेकदा एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर चालते, आणि माझा आक्षेप तिथे आहे. पावसाळ्यात वीज जाणं-येणं बदलापूरकरांना नवं नाही. वीज परत येतानाचा झटका आधी याच डब्यावर आदळतो, आणि सुमार डबा जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

‘चांगल्या डब्यानं फ्रेम्स कुठे वाढतात?’ हा प्रश्न रास्त आहे. नाहीच वाढत. पण म्हणून महागडा, हजार वॅटचा डबाही नको. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर ६५ वॅटचा, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचं. बाकी सगळं धरूनही चांगला ५५० वॅटचा डबा पुरून उरतो. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, डब्यावरचं लेबल वाचा: १२ व्होल्टवर ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट, हा खरा माल. ‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. पैसे वाचवायचेच तर रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर वाचवा. आणि घरच्या प्लगला अर्थिंग आहे का, हे खरेदीआधी वायरमनकडून तपासून घ्या.